गाडीखालचं मडकं

“...पण मग माझं शिकायचं आता राहिलं तरी काय, आप्पा?”

गडहिंग्लजच्या गुंडूआप्पा मिस्त्रींनी विड्याच्या पानाचा देठ खुडला.

विचारणारा सौमित्र दिघे कोल्हापूरचा, शिकलेला इंजिनिअर. आठ महिन्यांपूर्वी त्याने वीस वर्षांची एक विलायती गाडी विकत घेतली होती. चारही चाकांनी चिखल तुडवत जाणारी, आत मऊ चामड्याच्या सीटा, पुढे गुळगुळीत लाकडी पट्ट्या. नवी होती तेव्हा तिच्यात कारखानदार बसायचे. आता तिला दारात बघून गॅरेजवाले लांबूनच हात जोडायचे. तिघांनी सांगितलं, भंगारात घाला.

सौमित्र हट्टाला पेटला. आपली गाडी आपणच दुरुस्त करायची! रोज संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ आणि दर शनिवारी आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजेरी, असा त्याने नेमच धरला.

आणि आप्पांनी आठ महिन्यांत शिकवलं काय? तर गाडीखाली जायच्या आधी बाभळीचे दोन ओंडके तिच्या सांगाड्याखाली उभे करायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. सौमित्रला वाटे, म्हातारा भाव खातोय, खरी विद्या काही सोडत नाही.

“पहिल्यांदा आलो तेव्हा बॉनेट उघडायलासुद्धा घाबरत होतो मी,” तो म्हणाला. “आता पंप मीच बदलला, ब्रेक मीच केले. काल मागच्या चाकाजवळचा हवेचा पाइपही मीच बसवला. भीती म्हणून उरली नाही.”

“अजिबात न्हाई?”

“अजिबात.”

आप्पांनी मान हलवली. सौमित्रला वाटलं, कौतुकानेच हलली. कौतुकाला आसुसलेल्या माणसाला दुसऱ्याची मान नीट वाचता येत नाही, हे मी बऱ्याच हुशार लोकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

“दावा बघू मग.”

सौमित्र गाडीत बसला. बटण दाबलं. या गाडीला पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेले चार जाड रबरी फुगे होते, आणि त्यांच्यावरच सगळा डोलारा उभा. घरघर झाली, आणि म्हैस उठावी तशी ती आधी मागून आणि मग पुढून वर उठली. वीतभर तरी उठली असेल.

तो उतरला आणि पाठीवर सरकत सरकत मागच्या चाकाजवळून थेट खाली गेला.

“ओंडकं?” आप्पांनी विचारलं.

खालून हसण्याचा आवाज आला. “ते तुमच्या जुन्या जीपगाड्यांना, आप्पा. ही स्वतःच स्वतःला उचलून धरते. उद्या रविवार ना, उद्या माझी बायको वैदेही आणि मी दोघंही असेच खाली असणार. ती टॉर्च धरते, मी पाना फिरवतो. मागच्या रविवारी तर बाईसाहेब टॉर्च हातात घेऊन खालीच झोपल्या!”

आप्पांचा चुन्याचं बोट धरलेला हात तसाच राहिला.

“किती येळ?”

“काय किती वेळ?”

“झोपल्या किती येळ?”

“असेल तासभर. मी उठवलं नाही. दमली होती बिचारी.”

“साहेब, भाईर या.”

“एक मिनिट. हा बघा, हा जोड मी...”

“भाईर या म्हणालोय न्हवं?”

“अहो, एकच...”

आप्पांनी खाली वाकून त्याचे दोन्ही घोटे धरले आणि खसकन ओढलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण सौमित्र धान्याच्या पोत्यासारखा फरफटत बाहेर आला. पाठ सोलवटली, शर्ट काखेपर्यंत गेला. त्याला संताप आला. सख्ख्या बापाने कधी असं ओढलं नव्हतं!

“ही काय पद्धत झाली, आप्पा?”

आप्पा कोपऱ्यात गेले. तिथे त्यांचं प्यायच्या पाण्याचं छोटं मडकं होतं, भरलेलं. ते दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आणलं, गुडघे टेकले आणि गाडीखाली हळूच सरकवलं. सौमित्रचं डोकं होतं, नेमक्या त्याच जागी.

“हे कशाला?”

आप्पा चाकाच्या बाजूला उकिडवे बसले. अंग बाहेर ठेवून त्यांनी नुसता हात चाकामागे घातला, आणि सौमित्रने काल बसवलेल्या जोडाला पान्याने अर्धा फेरा दिला.

फस्स...

गाडी हळूहळू बसेल असं सौमित्रला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो कोपरा धपकन खाली आला. तेवढ्या वेळात त्याला बायकोचं नावसुद्धा पुरतं उच्चारता आलं नसतं.

मडक्याचा आवाज फार मोठा झाला नाही. एकदाच ‘खच्च’ झालं.

मग खालून पाणी आलं. फरशीच्या उताराने वाट काढत ते सौमित्रच्या पायांपर्यंत आलं आणि बोटांत शिरलं. वडिलांना अग्नी देताना त्याच्या खांद्यावरच्या मडक्याचं पाणी असंच पायावर आलं होतं. पाय मागे घ्यायचंही त्याला सुचेना.

“अर्धाच फेरा...” तो पुटपुटला.

“व्हय.”

“मी तर तो जोड नुसता हातानेच आवळलाय... उद्या मी तो पुन्हा आवळणार होतो. ती शेजारी असताना.”

“रबर बी ईस वर्सांचं हाय,” आप्पा म्हणाले. “त्येला अर्धाबी फेरा लागायचा न्हाई.”

सौमित्र मटकन खाली बसला, त्या पाण्यातच. समोर त्याची लाडकी गाडी एका कुशीवर कलली होती. तिचा रंग त्याने स्वतः चमकवला होता, आणि त्या चमकेत त्याला त्याचा स्वतःचाच चेहरा दिसत होता. त्याने नजर वळवली.

“गालाखाली हात घेऊन झोपली होती हो आप्पा... मला हसू आलं होतं. मी तिचा फोटो काढला.”

बाहेर रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली. शेडचे पत्रे थरथरले आणि थांबले.

आप्पांनी पाना पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

“धरा.”

सौमित्रने हात पुढे केला. पाना बोटांतून निसटला आणि फरशीवर खणकन पडला. त्याने उचलला, पुन्हा पडला.

“नाही आप्पा. माझ्याच्याने होणार नाही आता. विकून टाकतो मी ही. हे बघा ना... हात कापायचे थांबतच नाहीत.”

आप्पा त्याच्यासमोर पाण्यातच बसले. त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

“कापू देत की, लेका,” ते म्हणाले. “आठ म्हैन्यांत तुझं हात आज पयल्यांदा मिस्त्रीचं दिसालेत.”