दोन हजार पाचशे एकवीस पानं

ऐका रे, कुशी बदलू नका. एका राजाला भारी टापटिपीचा नाद होता. त्याच्या गावात माणसं किती? दोन हजार पाचशे एकवीस. राजा धरून, पाळण्यातली पोरं धरून, बरं का.

एकदा काय झालं, राणी दुखण्यातून उठली म्हणून राजाने गावजेवण घातलं. त्या दिवशी घरी कुणी चूल पेटवायची नाही. पण राजाची अट अशी, की प्रत्येक पंगतीत माणसं सारखी हवीत. जुळलं की मगच पहिला घास.

मग प्रधानाने सात-सातांच्या पंगती बसवल्या. एक माणूस उरलं. ती येसू, पत्रावळी लावणारी. सगळ्यांपुढे पानं मांडून ती शेवटी बसायला यायची, म्हणून उरायची तीच. मग आठ-आठांच्या बसवल्या. येसू उरली. मग नऊ-नऊंच्या. पुन्हा येसूच! भात गार झाला, पोरं रडायला लागली, आणि लोक येसूकडे डोळे वटारून बघू लागले. जसा काही तिनेच भात गार केला. मेले!

येसू म्हणाली, "महाराज, मी ही पानं घरी रचून पाहिलीत. दोन-दोनांच्या चळती लावल्या, तीन-तीनांच्या लावल्या, पार पन्नासापर्यंत गेले. दर वेळी काहीतरी उरतंच. या आकड्याला कशानेच भाग जात नाही."

पन्नासाच्या पुढे का नाही गेली? ते उद्या तुमच्या मास्तरांना विचारा.

"पण एक करता येईल," येसू म्हणाली. "सगळ्यांची एकच पंगत धरा. जाईल वेशीपर्यंत. कुणी उरणार नाही."

खरं होतं हो तिचं! पण प्रधान राजाच्या कानाशी लागला, "एकाच पंगतीत सगळे? महाराजांच्या ओळीला कोण कोण बसेल?"

राजाने तोंड वाकडं केलं. म्हणाला, "त्यापेक्षा एक माणूस कमी करा."

मग येसूला उपाशी वेशीबाहेर काढली. तिचा सख्खा भाऊ राणबा तिथेच बसला होता. त्याने पानावरची मान वर केली नाही.

राहिली दोन हजार पाचशे वीस. सातांच्या पंगती धरा, आठांच्या, नऊंच्या, दहांच्या धरा, सगळं बरोबर! लोक ढेकर देईपर्यंत जेवले. मला तर असल्या जेवणाची शिसारी येते.

मग वर्ष सरलं. राणबाला मुलगी झाली. राजाने पुन्हा गावजेवण घातलं, आणि माणसं पुन्हा दोन हजार पाचशे एकवीस. राणबाला सगळं कळत होतं. त्याने बायको-पोरीला घेतलं आणि धावत जाऊन पहिल्या पंगतीत बसला. त्याची म्हातारी आई काठी टेकत मागून येत होती. "राणबा, थांब रे जरा," म्हणत होती.

मग? मग काय! जेवण झालं, विडे झाले, आणि गाव सुखाने नांदलं. डोळे मिटा आता.