मोरसाहेबांची तपासणी

नदीवर अजून एकही पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. काठावर पाणमांजरांच्या दोन शाळा होत्या आणि त्या तपासायला मोरसाहेब यायचे. पाण्यात पाय न घालणारे हे साहेब पोरांची अंगं चाचपून बघायचे. अंग कोरडं, केस विंचरलेले, म्हणजे शाळा उत्तम!

म्हणून वरच्या घाटावरच्या शाळेतली पोरं दिवसभर उन्हात रांगेत बसत. दुसऱ्या शाळेतली, चंद्राबाईंच्या हाताखालची पोरं मात्र चिखलाने माखलेली असत.

"बाई, ही शाळा की डबकं?" मोरसाहेब कडाडले. "उद्यापासून बंद! वरच्या शाळेतली पोरं बघा, कशी शहाण्यासारखी बसतात."

चंद्राबाई हटल्या नाहीत. "बसतात ना, साहेब. पण मासे काय काठावर चालत येणार आहेत? एकदा त्यांनाही पाण्यात सोडा, मग खुशाल माझी शाळा बंद करा."

साहेबांनी ऐटीत हुकूम दिला. वरच्या शाळेतली पोरं पाण्याशी येऊन थरथरत उभी राहिली. एक तर रडायलाच लागलं.

"ए, घाबरतोस काय? माझी शेपटी धर," चंद्राबाईंची चिमी म्हणाली. "नाकात पाणी गेलं तर शिंक!"

थोड्या वेळाने तेच पोर तोंडात मासा धरून वर आलं आणि खिदळू लागलं. त्याच्या गुरुजींनी त्याला हसताना कधी पाहिलंच नव्हतं. मग बाकीच्यांनीही धडाधड उड्या मारल्या.

"बाहेर या! अंगं तपासायचीत!" मोरसाहेब ओरडत राहिले. कुणीच आलं नाही. गुरुजींनी चष्मा काढून ठेवला आणि तेही पाण्यात शिरले.

आता बंद कुठली शाळा करणार? दोन्ही शाळा नदीत भरल्या होत्या.