मुठीतली पांढरी वडी

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका गावात दोन बहिणी राहायच्या. थोरली रुकय्या, धाकटी हूर. हूरला आला ताप. घसा असा सुजला की घासच उतरेना. हकीम म्हणाले, दिवस मावळायच्या आत एखादी लुसलुशीत गोड वडी पोटात जायला हवी, नाहीतर पोर हाती लागायची नाही. अम्मी समुद्री गवताच्या वड्या करायची, पण ते गवत, चायना ग्रास हो, नेमकं संपलेलं. दुकान खाडीपलीकडे आणि नाव गेलेली.

मग रुकय्या बांधावर धावली. तिथे वडाखाली हडळ मिठाई विकायची. पाय उलटे, बरं का. तिच्या ताटात तीन वड्या होत्या, तांबडी, पिवळी, पांढरी. तिन्ही थरथरत होत्या, जिवंत असल्यासारख्या.

हडळीला ठाऊक होतं, रुकय्याच्या घरी डुकराचं चालत नाही. तिनं सांगितलं, वड्यांत डुकराची हाडं-कातडी उकळून काढलेला चीक घातलाय. एखादीत नसेलही. चाखायचं नाही, हुंगायचं नाही.

"चुकीची नेलीस तर बहीण माझी," ती म्हणाली.

रुकय्यानं खाडीकडे पाहिलं. सूर्य पाण्याला टेकायला आलेला. मग तिला रमजान आठवला. पोरं अम्मीची एकेक वडी मुठीत धरून अजानची वाट बघत बसायची. मुठी तापायच्या, गवताची वडी मात्र तशीच्या तशी. डुकराच्या चिकाची असेल ती उबेनं वितळणार.

मग तिनं तांबडी मुठीत धरली. शंभर आकडे मोजले. लाल ओघळ मनगटापर्यंत आला. हडळ एक पाऊल सरकली. रुकय्यानं हात खाडीत धुतला, मग पिवळी धरली. तीही ओघळली. हडळीची नखं आता रुकय्याच्या ओढणीला लागत होती. पुन्हा हात धुऊन, पुसून तिनं पांढरी धरली. शंभर व्हायच्या आतच मूठ ओली झाली. अर्धा सूर्य बुडाला.

"हीपण गेली," हडळ कानाशी म्हणाली. "फेक ती, आणि बहिणीला घेऊन ये."

तुम्ही फेकली असती ना? रुकय्यानंही हात उगारला. पण फेकायच्या आधी मूठ उघडून पाहिली. वडीचे चारी कोपरे शाबूत. ओल होती ती तिच्याच भीतीच्या घामाची.

"ही नेते, खाला," मावशीला सांगावं तसं रुकय्या म्हणाली.

हडळ वडाच्या बुंध्यात शिरली, ती शिरलीच.

अजान झाली तेव्हा वडी हूरच्या घशाखाली गेली होती. ताप उतरला. मग सगळी सुखात राहिली.

अगं पोरींनो, किती आवळल्यात मुठी. सोडा आता. उशीखाली जेलीच्या गोळ्या आहेत, पाहिलंय मी. त्या उद्या, कशाच्या आहेत ते आईला विचारून. दाराला कडी घातलीय. मिटा डोळे.