तिसऱ्याचा दगड

त्या राज्यात नदी एकच होती आणि शाळा तिच्या पलीकडे होती. नदीत दगड टाकलेले होते. राज्याचा पहिला कारभारी ससा होता. त्याने आपल्या उडीच्या अंतराने एकेक दगड बसवला आणि जाहीर केलं, की वाट आता सगळ्यांना मोकळी आहे. तो खोटं बोलला नव्हता. ससे, माकडं, मुंगसं टणाटण उड्या मारत शाळेत जात, आणि ज्याला उडी येत नसे तो अलीकडच्या काठावर राही. शाळा शिकल्याशिवाय कुणाला स्वतःचं बीळ मिळत नसे, त्यामुळे अलीकडे राहिलेले जन्मभर दुसऱ्याच्या बिळाच्या तोंडाशी अंग चोरून निजत.

यावर उपायच नव्हता असं नाही. कायद्यात साकव होता. ज्या पिल्लाला दगडांवरून जाता येत नाही, त्याच्यासाठी कचेरीने लाकडाचा छोटा पूल घालून द्यायचा. आधी मोजणीदाराने येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पिल्लू पाहायचं, आणि मंजूर झालाच तर साकव त्या एकट्या पिल्लाच्या नावाने. दुसऱ्या कुणी त्यावर पाय ठेवायचा नाही. कायदा चांगलाच होता. तो पळसाच्या नव्वद पानांवर लिहून कचेरीतल्या सगळ्यांत उंच फांदीला टांगलेला होता.

म्हणून टिटवीला काम असे. ती कुणाचीच नव्हती. कचेरीचा दाणा खात नसे, पिल्लांच्या आयांकडूनही काही घेत नसे. उघड्या माळावर खड्यांत अंडी घालणारी ती, तिला कुणाचा आसरा लागतोय! ती नव्वद पानं तिने खालून मान वर करकरून पाठ केली होती. कुणी आई आली की तिला ती कायदा सोपा करून सांगे, अर्ज लिहून देई, आणि मोजणीच्या दिवशी नदीच्या मधोमध एका काळ्या सपाट दगडावर जाऊन बसे. त्याला तिसऱ्याचा, म्हणजे कुठल्याच बाजूच्या नसलेल्याचा, दगड म्हणत. तिथे बसणाऱ्याने पाहायचं, विचारलं तर बोलायचं, निकाल मात्र द्यायचा नाही.

लोक तिला जरा बिचकूनच असत. एक तर टिटवी ओरडली की काहीतरी विपरीत घडतं अशी समजूत. दुसरं म्हणजे तिच्या जातीचं ते जुनं सोंग. अंड्यांपाशी कोल्हा आला की टिटवी पंख मोडल्यासारखी फरफटत चालते, कोल्हा तिच्या मागे लागतो आणि अंडी वाचतात. 'हिचं काय खरं धरायचं,' कचेरीत म्हणत, 'ही तर मोडक्या पंखाच्या घराण्यातली.' हे बोलणं तिच्या फार जिव्हारी लागे. आपल्या कामात कुणी बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून ती अर्ज नीट, वेळ नीट, बोलणं नीट, असं सगळं नको तितकं नीट करी. पंख कायम अंगाशी घट्ट मिटलेले.

एके सकाळी एक खवल्या मांजरीण तिच्याकडे आली. शेपटीवर तिचं पिल्लू बसलं होतं. रंगाने तपकिरी, टणक, चकचकीत, म्हणून त्याचं नाव चिंचोका.

"टिटवीताई, याला उडी येत नाही," ती म्हणाली. "बाकी हुशार आहे हो. वारुळाला कान लावला की आत काय चाललंय ते सगळं सांगतो. गुरुजीसुद्धा म्हणतात, असा कान बघितला नाही."

"आता शाळेत कसा जातो?"

"मीच नेते शेपटीवर. पण पोर जड व्हायला लागलंय. ही थंडी कशीबशी निभेल. पुढे माझ्याच्याने नाही व्हायचं." मग ती म्हणाली, "शाळा सुटली तर ते गप्पच होईल हो. तिथेच तेवढं बोलतं."

टिटवीने अर्ज लिहिला. त्यात आई वाहून नेते हेही लिहिलं, शेपटीला सूज येते हेही लिहिलं. आई मध्येमध्ये पोराचं कौतुक घालायला लावत होती, ते टिटवीने हळूच गाळलं. मोजणीची तारीख आली तेव्हा तिने आईला बजावलं, "बाई, एक गोष्ट ध्यानात ठेव. अजिबात उशीर करू नकोस. कचेरीला उशीर खपत नाही. आणि पोर स्वच्छ ने. ही बया सोंग करायला शिकवते, असं कुणी म्हणायला नको."

आईने मान हलवली. टिटवीला त्या दिवशी छान झोप लागली.

मोजणीदार होते बगळेसाहेब. मनाने वाईट नव्हते, पण पाय एवढे लांब की नदीत दगड आहेत हे त्यांना इतरांकडूनच कळलं असावं. ते सावकाश पाण्यातून चालत पलीकडे गेले. टिटवी तिसऱ्याच्या दगडावर येऊन बसली आणि तिने पाहिलं, तर चिंचोका शाळेच्या पहिल्या ओळीत अंग पुसून, खवले चमकवत बसलेला. आई बाजूला उभी होती. थरथरणारी शेपटी ती पायांखाली दाबून धरत होती. उशीर होऊ नये म्हणून ती उजाडायच्या आधीच त्याला घेऊन पलीकडे पोचली होती.

बगळेसाहेबांनी प्रेमाने वाकून विचारलं, "कसा आलास रे, बाळ?"

परक्याने जवळ येऊन विचारलं की खवल्या मांजराचं पिल्लू जे करतं तेच चिंचोक्याने केलं. अंगाची गुंडाळी करून तो गप्प पडून राहिला. साहेबांनी त्याला जास्त छेडलं नाही. पानावर लिहिलं: पिल्लू वेळेवर पोचते. स्वच्छ व शांत आहे. साकवाची गरज दिसत नाही.

"साहेब, आई त्याला वाहून आणते," टिटवी दगडावरून म्हणाली. "अर्जात लिहिलंय."

"अर्जात कोणीही काहीही लिहील, बाई. मी पाहिलं ते लिहिलं." मग त्यांची नजर तिच्या पंखांकडे गेली. पुढचं ते बोलले नाहीत, पण तिला ऐकू आलं.

परतताना टिटवीने आईला विचारलं, "अगं, इतक्या लवकर कशाला आणलंस त्याला?"

"तुम्हीच म्हणालात ना, उशीर नको."

टिटवीला नव्वद पानं पाठ होती आणि एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. पोर पलीकडे कसं जातं ते दाखवायचं होतं. तिने ते पोचलेलं दाखवलं होतं, तेही धुऊनपुसून. चूक आईची नव्हती. आपली होती, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं आणि नंतर कधीच विसरता आलं नाही.

तिने फेरविचाराचा अर्ज केला. कचेरीने तो घेतला, पोचही दिली. उत्तराला तीन पौर्णिमा लागतील असं सांगितलं. टिटवी रोज जाऊन फांदीखाली उभी राही. टिटवीनेही एकदा समुद्र आटवला होता म्हणतात. त्या समुद्राला बहुधा कचेरी नसावी. इकडे चिंचोका वाढत होता. पोरं वाढतातच, त्यांना थांबा म्हणता येत नाही. आईच्या शेपटीची सूज आता उतरत नव्हती.

"थोडे दिवस घरी ठेव त्याला," टिटवी म्हणाली.

"गैरहजेरी लागली तर म्हणतील, याला शिकायचंच नाही. मग साकव कशाला देतील?"

हेही खरंच होतं. तिसऱ्या पौर्णिमेला चार दिवस उरले असताना, पाचव्या दगडावर, शेपटीने दगा दिला.

टिटवी ओरडत पाण्यावरून गेली. तिचं ओरडणं ऐकून दोन्ही काठ गोळा झाले. बगळेसाहेब त्या दिवशी खालच्या अंगाला मासे पाहत उभे होते. त्यांनीच वाहत आलेली ती तपकिरी गुंडाळी चोचीने अडवली आणि काठावर आणली. पोर जगलं. साहेबांनी पान मागवलं आणि लिहिलं: साकव तातडीने द्यावा.

आठ दिवसांत साकव झाला. उत्तम झाला. सागाच्या फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा, तोंडाशी पानावर नाव: चिंचोका. पण वरातीमागून आलेलं घोडं कितीही देखणं असलं तरी त्यावर बसायचं कुणी? पाण्याचा आवाज आला तरी चिंचोका गुंडाळी करी. आई त्याला काठापर्यंत आणी, आणि तो तिथेच गोल होऊन पडे. महिन्याभराने तिने आणणं सोडलं. वारुळाला कान लावायचंही त्याने सोडलं. ती मात्र रोज सकाळी येऊन साकवावरचा पाचोळा झाडून जाई. टिटवीशी ती कधी वाईट बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं टिटवीला वाटे.

वर्ष गेलं. नवीन तारीख लागली होती. या वेळी एक अस्वलीण होती; तिच्या पिल्लाचे मागचे पाय लुळे होते. टिटवीने तिला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, "घाई करू नकोस. साहेब अलीकडच्या काठावर येईपर्यंत थांब, मग पोराला खाली ठेव, त्यांना बघू दे." अस्वलीण हो म्हणाली होती.

पण आई ती आईच. उजाडता उजाडता टिटवीने माळावरून पाहिलं, तर अस्वलीण पिल्लाला पाठीवर घेऊन, धापा टाकत नदीकडे पळत होती. पिल्लाचे केस विंचरलेले होते. आणि तिकडून, पलीकडच्या काठावरून, बगळेसाहेब येत होते. आताशा ते पाहणीसाठी म्हणून चिंचोक्याच्या साकवावरून, कोरड्या पायांनी ये-जा करत.

टिटवी तिसऱ्याच्या दगडाकडे गेली नाही. ती अस्वलिणीच्या वाटेत, पहिल्या दगडाच्या अलीकडे, धुळीत उतरली. इतकी वर्षं अंगाशी मिटून धरलेला पंख तिने सोडला. तो वाकडा पसरला, आणि ती ओरडत, लंगडत, फरफटत अस्वलिणीच्या पायांपुढे चालू लागली.

"अगं बाई, काय झालं हे," म्हणत अस्वलीण थांबली. तिने पिल्लाला पाठीवरून उतरवून खाली ठेवलं आणि टिटवीवर वाकली.

पिल्लू दोन हातांवर सरकत पहिल्या दगडाच्या कडेपर्यंत गेलं. पुढच्या दगडाकडे त्याने हात लांब केला. हात पोचला नाही. त्याने पुन्हा केला.

साकवाच्या मधोमध बगळेसाहेब उभे राहिले होते. त्यांनी पान काढलं. टिटवी धुळीत पंख ओढत राहिली.