सगुणाआईचा झरोका

ही गोष्ट माझ्या आज्याच्या आज्यानंही पाहिली नव्हती, ऐकलीच होती. पण त्यानं ज्यांच्या तोंडून ती ऐकली, त्यांनी सगुणाला डोळ्यांनी पाहिलं होतं, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वी, घाटात सडक नव्हती आणि खालच्या गावातून हिवरखिंडीत यायचं तर अर्धा दिवस चढावं लागे, तेव्हाची ही हकिगत. हिवरखिंड वसली आहे दोन कड्यांच्या मधोमध. पौषात तिथं असा वारा सुटतो की अंगणात ठेवलेला भरला हंडा कलंडतो. म्हणून तिथली घरं बुटकी, भिंती दगडमातीच्या आणि हात-हात रुंद. गावाला लागून रान होतं आणि रानात कोळशाच्या भट्ट्या लागत. त्यामुळे घरात चूल असायचीच, आणि थंडीत प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी.

त्या गावात सगुणा नावाची सुईण होती. तिचा नवरा लवकर गेला होता आणि पदरात एकच लेक होती, बनू. सगुणाचे हात असे होते की पोटावर नुसते ठेवले तरी आडवं मूल सरळ व्हायचं, असं म्हणतात. दार वाजवणाऱ्याच्या पावलांवरून ती ओळखायची, बाई पहिलटकरीण आहे की चौथ्या खेपेची. तिच्या हातात कधी बाई दगावली नाही. मात्र बाळंतपण नीट होऊन पाचव्या-सातव्या दिवशी बंद खोलीत झोपेतच गेलेल्या बाळंतिणी हिवरखिंडीत होत्या. दर दोन-तीन हिवाळ्यांत एखादी जायचीच. गाव म्हणायचं, हडळीनं नेली. त्यात सुइणीचा काय दोष?

तर एका पौषात बनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सगुणानं तिला आपल्याच हातानं सोडवलं. मुलगी झाली. गावातल्या शंभर बायकांसाठी जे केलं नव्हतं ते तिनं लेकीसाठी केलं. मागच्या खोलीतली एकुलती एक खिडकी शेणमातीनं लिंपली. दाराच्या फटीत आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. बाजेखाली लोक एक शेगडी ठेवतात, तिनं दोन ठेवल्या. कोळसाही निवडून घेतला. धूर होत नाही म्हणून तो चांगला, अशी तेव्हाची समजूत.

चौथ्या दिवशी सकाळी धनगरवाड्यावरून माणूस आला. तिथं एक बाई अडली होती. सगुणा निघताना बनू म्हणाली, "आये, डोस्कं जड झालंय. दार जरा उघडं ठेव की."

"बाळंतिणीनं वारं घेऊ नये, बनू. अंग आयुष्यभर दुखत ऱ्हातं. नीज तू. दिवस मावळायच्या आत येते."

तिनं शेगड्यांत मूठमूठ कोळसा घातला आणि दार ओढून घेतलं. शेजारच्या केराबाईला सांगितलं, "पोर रडली तर भाईरनं हाक मार. दार मात्र उघडू नको."

धनगरवाड्यावर त्या दिवशी जुळं आलं. तीनही जीव वाचले. धनगरानं खूश होऊन सगुणाच्या खांद्यावर नवं कोरं घोंगडं घातलं. वाटेनं येताना ती मनाशी म्हणत होती, हे बनूच्या पोरीला पुरंल, लग्नापर्यंत पुरंल. गुरं घरी परतत होती तेव्हा ती दारात पोचली. केराबाई ओट्यावरच बसलेली होती.

"दुपारी पोर रडली," केराबाई म्हणाली. "मग गप झाली. निजल्या असतील म्हणून मी काय दार उघडलं न्हाय. तूच सांगितलेलंस."

दोघी निजल्याच होत्या. बनूचे गाल तांबूस दिसत होते. ओठ जास्वंदीसारखे लाल. पोर तिच्या कुशीत होती. सगुणानं हात लावला. शेगड्यांनी खोली ऊबदार ठेवली होती, त्यामुळे त्यांची अंगंही अजून कोमट होती, आणि म्हणूनच तिला कळायला वेळ लागला. मग तिनं ते नवं घोंगडं उलगडलं आणि दोघींवर मिळून घातलं. त्या घोंगड्याचा तोच उपयोग झाला.

बिरू देवरुषी आला. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, हडळ फटीतून आत आली. गावानं आपापल्या बाळंतिणींच्या खोल्यांच्या उरल्यासुरल्या फटीही लिंपून टाकल्या.

तेरावं झालं. जावई रडून-रडून आपल्या गावी गेला. त्यानंतरच्या दिवशी भर दुपारी सगुणा मागच्या खोलीत शिरली. तिनं दोन्ही शेगड्या पेटवल्या, तितकाच कोळसा घातला, फटींत त्याच चिंध्या कोंबल्या, दाराला आतून आगळ लावली आणि बनूच्या बाजेवर बसली. तिच्या मनात एवढंच होतं की जी कोणी लेकीला न्यायला आली होती तिनं आपल्याही समोर यावं. आली तर तिला विचारायचं होतं, माझीच का. आणि नेलं तरी चालणार होतं.

कुणी आलं नाही. खोलीत धूर नव्हता, आवाज नव्हता, निखारे नुसते लाल होते. थोड्या वेळानं कपाळ ठणकायला लागलं. मग मळमळलं. मग एक गोड जडपणा पायांतून वर चढत आला आणि डोळे मिटायला लागले. तेव्हा सगुणाला आठवलं, डोस्कं जड झालंय. आणि ती जागच्या जागी सगळं समजली.

ती उठायला गेली तर गुडघे वळले. रांगत दारापाशी पोचली. आडव्या मुलांना सरळ करणारे तिचे हात, पण त्यांना साधी आगळ उचलेना. तेव्हा बाहेरून हिवरखिंडीचा वारा दारावर येऊन असा आदळला की आगळ आपोआप उडाली आणि दार सताड उघडलं, असं म्हणतात. सगुणा उंबऱ्यावर पालथी पडली. थंड वारं तिच्या नाकातोंडात गेलं आणि ती ओकली, रडली आणि शुद्धीवर आली. पुढं कधीतरी ती केराबाईला म्हणाली होती, "एक बरं झालं. मी सोताच बघितलं. बनूला भ्या वाटलं नसंल. निस्ती झोप येती."

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव जमलं होतं. सगुणा मधोमध उभी राहिली.

"हडळ-बिडळ कुणी आली न्हवती," ती म्हणाली. "बंद खोलीत कोळसा ठेवला, तो माझ्या हातानं ठेवला. भाईरचं वारं आत येऊ दिलं न्हाय, म्हणून लेक गेली. धूर असला तर डोळं चुरचुरत्यात, माणूस उठून जातो. निखारा काय सांगत न्हाय. मीच मारली तिला."

आधी बोलली ती पाटलीणबाई. तिचं नाव तानूबाई, वयानं सगुणाच्याच बरोबरीची. "सगुणे, दुःखानं तुझं मन फिरलंय. आपल्या आयाआज्यांनी बी अशाच शेगड्या ठेवल्या. त्या काय मेल्या?"

"मेल्या की," सगुणा म्हणाली. "आपण त्यांना हडळीच्या नावावर घातलं."

तिथं बसलेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कधी ना कधी कुणीतरी असं गेलं होतं. कुणाची सून, कुणाची बहीण. तानूबाईची तर थोरली लेक चंद्रा अशीच गेली होती, सातव्या दिवशी, आईनंच लिंपलेल्या खोलीत. तानूबाई उठली, पदर सावरला आणि मागं न बघता घरी निघून गेली. तिच्यामागून एकेक करून बायका उठल्या. सगुणाचं खरं मानायचं तर प्रत्येकीला आपल्याच हातांकडं बघावं लागलं असतं.

त्या दिवसापासून सगुणाला कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. ती दारोदार जाऊन सांगायची, शेगडी अंगणात पेटवा, कोळसा आरपार लाल झाल्यावरच आत न्या, आढ्याखाली वीतभर भोक पाडा, निजायच्या आधी शेगडी बाहेर काढा. चुलीचं धुराडं काजळीनं भरलं तर ते झाडा. लोक दार लावून घ्यायचे. पोरं तिच्यामागं फिरली की आया त्यांना हाका मारून आत बोलवायच्या. तिनं स्वतःची चूल मात्र अंगणात मांडली, आणि पुढं कुठल्याही थंडीत तिच्या घराच्या चार भिंतींत विस्तव शिरला नाही.

दुसरा पौष आला. पाटलाच्या घरी धाकटी सून गौरा बाळंत झाली. खालच्या गावची सुईण आणली होती. तानूबाईनं खोली लिंपून घेतली. सगुणा दारात गेली तेव्हा तानूबाई म्हणाली, "या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय."

"न्हाय टाकत," सगुणा म्हणाली.

ती घराला वळसा घालून मागं गेली आणि गौराच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून वाऱ्यात बसली. थोड्या थोड्या वेळानं ती भिंतीवर मूठ आपटायची आणि हाक द्यायची, "बाय, जागी हायस का?"

आतून गौरा म्हणायची, "जागी हाय, सगुणाआत्या."

असे तीन दिवस गेले. केराबाई भाकरी आणून द्यायची. आदल्या वर्षापासून तीही नीट झोपली नव्हती. चौथ्या दिवशी, उन्हं कलली असताना, सगुणानं हाक दिली आणि आतून उत्तर आलं नाही. पुन्हा दिली. मग ती पुढच्या दाराशी धावली. दार आतून बंद होतं, तानूबाई मळ्यात गेली होती, आणि आगळ घालून आत निजलेली सुईण हाकांनी उठेना. सगुणा परत मागं आली. तिथं पहार नव्हती, कुदळ नव्हती. तिनं भिंतीतल्या एका दगडाला दोन्ही हात घातले. तो दगड दोन गड्यांनी उचलायचा होता. म्हातारी होत आलेली बाई, तिनं नखं रक्ताळेपर्यंत तो हलवला, आणि खिंडीतला सगळा वारा गोळा होऊन तिच्या पाठीशी लागला, असं म्हणतात. दगड आत पडला. वारा त्या भोकातून असा घुसला की शेगडीवरची राख उडून खोलीभर झाली. आधी मूल रडलं. त्यानंतर बऱ्याच वेळानं गौरा खोकली. आवाजानं जागी झालेल्या सुइणीनं दार उघडून तिला बाहेर आणलं.

तानूबाई आली तेव्हा सून अंगणात पडली होती, डोकं सगुणाच्या मांडीवर, मूल केराबाईच्या हातात. तानूबाईनं सुनेकडं पाहिलं, नातवाकडं पाहिलं, भिंतीतल्या भोकाकडं पाहिलं. मग ती सगुणाशेजारी मातीत बसली.

"माझी चंद्री पण," ती म्हणाली.

"व्हय."

"मीच लिंपलं होतं, सगुणे. हातांनी. एक चीर ठेवली न्हवती."

"तुला ठावं न्हवतं."

"आणि तुला?"

"मला बी न्हवतं," सगुणा म्हणाली.

सगुणानं तोवर लेकीसाठी गावासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या दिवशी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्यांचा आवाज खालच्या गावापर्यंत गेला, असं म्हणतात.

पाटलाच्या घरातलं ते भोक बुजवलं नाही. तिथं लाकडाची चौकट बसवली. मग केराबाईनं आपल्या भिंतीत झरोका पाडला. मग एकेक घर. बिरू देवरुष्यानंही पाडला, पण सगळ्यांत शेवटी. ज्या घरांत कुणी गेलं होतं, त्या घरांत झरोका पाडताना बायका मोठमोठ्यानं रडायच्या, आणि सगुणा त्यांच्याजवळ बसून राहायची. कुणाचं समाधान करायचा तिनं कधी प्रयत्न केला नाही.

तिला पुन्हा बोलावणी आली. त्यानंतर हिवरखिंडीत एकही बाळंतीण झोपेत गेली नाही. पण सगुणा स्वतः हसलेली कुणी पाहिली नाही. दर थंडीत दिवेलागणीला ती गावातून फिरायची, ज्या ज्या खोलीत शेगडी असेल त्या खोलीच्या भिंतीवर मूठ आपटायची आणि हाक द्यायची. उत्तर आलं की पुढं जायची.

ती गेली तीही पौषातच. एका संध्याकाळी हाक नेहमीसारखी घराघरांत ऐकू आली आणि सगळ्यांनी नेहमीसारखं उत्तर दिलं. सकाळी केराबाईची सून भाकरी घेऊन गेली तर सगुणा आपल्या अंगणात, विझलेल्या चुलीपाशी गारठून पडलेली. तिला जाऊन दोन दिवस झाले असावेत. मग आदल्या संध्याकाळी कुणी हाक दिली, ते आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

आता हिवरखिंडीत सडक आली, सिमेंटची घरं आली. बऱ्याच घरांत गॅस आहे. तरी नवं घर बांधताना बाळंतिणीच्या खोलीत आढ्याखाली एक वीट गाळतात. बाहेरगावचा गवंडी विचारतो, इथं वीट राहिली की. त्याला सांगतात, राहू दे, ती सगुणाआईची आहे. शेगडी अंगणातच पेटते आणि निजायच्या आधी बाहेर येते. पाचवीच्या दिवशी सटवाईच्या पूजेआधी घरातली थोरली बाई त्या झरोक्याला हळदकुंकू लावते, आणि लेकीचं असो की सुनेचं, बाळ आधी झरोक्याच्या वाऱ्यात धरतात.

आणि पौष लागला की गावातल्या बायका दिवेलागणीला आळीआळीनं फिरतात. भिंतीवर मूठ आपटून विचारतात, बाय, जागी हायस का? सगळ्या घरांतून उत्तर येतं. शेवटी त्या गावकुसाजवळच्या मोकळ्या जागेपाशी येतात. सगुणाचं घर तिथं होतं, असं म्हणतात. तिथं आता एकही भिंत नाही. तरी बायका वाकून जमिनीवर मूठ आपटतात, बनूला हाक मारतात आणि उत्तरासाठी लागतो तेवढा वेळ उभ्या राहतात. मग घरी जातात.