बिळाची माती

त्या उतारावर उन्हाळा कडक होता आणि झाडे मोजकीच होती, म्हणून ज्याला बीळ होते तो पावसाळा पाही आणि ज्याला नव्हते त्याच्याविषयी कुणी फारसे बोलत नसे. बिळे खणण्याचे काम घुशींचे. बाकीच्यांनीही कधीमधी उकरून पाहिले होते. पण त्यातून जे तयार होई त्याला बीळ म्हणायला मन फार मोठे असावे लागे.

घुशींमध्ये धुरपाचा हात सर्वांत चांगला होता. तिचे बीळ आधी सरळ खाली जाई, मग अशा जागी वळे की बाहेरची झळ त्या वळणाशीच थांबे, आणि शेवटच्या खोलीत ऐन वैशाखातही जमीन पोटाला गार लागे. तोंड ती गवताच्या ठोंबाआड ठेवी. बीळ जितके चांगले तितके ते कमी दिसे. ज्याला ते मिळे तो त्याविषयी चकार शब्द काढत नसे, कारण सापाला पत्ता लागलेल्या बिळात कोण झोपणार? अशा रीतीने धुरपाची सगळी उत्तम कामे जमिनीखाली गप्प पडून होती, आणि तिच्याकडे नवे गिऱ्हाईक येणे हळूहळू बंद झाले.

उताराचा एक दंडक होता. पळस फुलेपर्यंत ज्याच्या हाताला काम लागले नाही त्याने आपली जागा सोडायची आणि नदीपलीकडच्या खडकाळ रानात जायचे. धुरपाचे घर तिच्या आईने खणायला घेतले होते आणि तिने पुरे केले होते. शेवटच्या खोलीत तिची पिल्ले होती, अजून डोळे न उघडलेली. मग पळसाला कळ्या धरल्या. ती तासन्‌तास दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघू लागली, आणि येणारे-जाणारे तिच्याकडे न बघता जाऊ लागले.

तिच्या शेजारी भागोजी नावाचा साळिंदर राहत असे. तो दरवर्षी सड्यावरच्या प्रदर्शनात आपले काटे मांडून बसे आणि परतताना नव्या ओळखींनी इतका फुगलेला असे, की स्वतःच्याच दारातून आत शिरताना त्याची पंचाईत होई.

"धुरपाबाई, तुझं काम चांगलं आहे हे जमिनीला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण जमीन काही कुणाला सांगायला जात नाही. सड्यावर ये. लोकांच्या डोळ्यांसमोर माल मांड."

"भोक कसं मांडू, भागोजीदादा?"

"ते तू बघ. मी काट्यांचा धंदेवाला."

सडा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा सपाट कातळ. त्यावर नखाने चरासुद्धा उमटत नसे. प्रदर्शनाची सगळी व्यवस्था टिटवीकडे होती. ती जन्मात कधी छपराखाली बसली नव्हती आणि अंडीही उघड्या दगडावर घालत असे, त्यामुळे कोणत्याही वस्तूचे बाहेरचे अंग तिला फार लवकर कळे. तिने धुरपाला सुगरण पक्ष्याचे खोपे आणि कोळ्याची जाळी यांच्या मधली जागा दिली. एकीकडे खोपे वाऱ्यावर डुलत होते, दुसरीकडे जाळी उन्हात चमकत होती, आणि मध्ये कातळावर धुरपा बसली होती.

"तुमचं काय आहे?" एका मुंगसाने विचारले.

"बीळ."

"कुठंय?"

"खाली, उतारावर."

मुंगसाने तिच्याकडे पाहिले, तिच्या खालच्या कातळाकडे पाहिले, आणि ते खोपे पाहायला निघून गेले. संध्याकाळपर्यंत आणखी कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. फक्त कोळ्याने जाळी थोडी तिच्या बाजूला सरकवून घेतली, जागा रिकामीच आहे असे समजून.

धुरपा रडकुंडीला आली, पण ती डोक्याने जड नव्हती. बीळ आणता येत नाही तर बिळातून निघालेली माती आणावी, असे तिने ठरवले. दुसऱ्या दिवशी तिने तोंडात धरून धरून माती वर आणली आणि नीट हिशेबाने रचली. सगळ्यांत खाली वरची तांबडी, तिच्यावर मधली पिवळी, आणि टोकाला अगदी तळातली पांढुरकी, जिला हात लावला की गार लागे. ज्याला समजून घ्यायचे त्याला त्या ढिगावरून कळावे, की ही घूस किती खोल जाते.

पहिल्या घोळक्याला तिने हे सगळे समजावून सांगितले. घोळका ऐकता ऐकता पातळ होत गेला. दुसऱ्या घोळक्याला तिने थोडक्यात सांगितले, तेव्हा तो जरा जास्त टिकला. मग दमून ती गप्प बसली, आणि पाहते तो काय, ढिगाभोवती माणसांसारखी रांग लागली. काय रंग, काय टोक, असे म्हणत सगळे मान डोलावत होते. एका म्हाताऱ्या घोरपडीने तेवढ्यात विचारले, "बाई, ही माती निघाली कुठून?" लोक चुळबुळ करू लागलेले धुरपाला दिसले. ती म्हणाली, "आमच्याकडचीच आहे," आणि पुन्हा गप्प बसली. घोरपड निघून गेली, पण रांग हलली नाही. मनात धुरपाला थोडे लागले. घरी पिल्ले आहेत, असे तिने स्वतःला सांगितले.

शेवटच्या दिवशी टिटवीने साऱ्या सड्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले की या वर्षीची सर्वांत देखणी मांडणी धुरपाबाईंची. धुरपाच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ पडली. उतरताना तिच्यामागे गिऱ्हाइकांचा तांडा होता. प्रत्येकाला आपल्या जागेवर तसाच ढीग हवा होता. धुरपाची जागा वाचली होती. तिचा जीव भांड्यात पडला.

पळस फुलला की काही दिवस उतारावरची माती मऊ असे. तेवढ्याच दिवसांत खणून घ्यायचे. पुढे तीच माती दगड होई आणि घुशींचीही नखे त्यावर मोडत. त्या मऊ दिवसांत ठकी नावाची सशीण धुरपाकडे आली. तिचे दिवस भरत आले होते आणि चालताना ती थांबून थांबून श्वास घेत होती.

"धुरपाताई, मला ढीग करून दे," ती म्हणाली.

"आधी बीळ खणू या की. तुला लागणार आहे."

"ते बघू नंतर. आमच्या दोन्ही बाजूंना ढीग झालेत. आमच्याच जागेवर काही नाही, बरं दिसत नाही."

"अगं, खणलं की ढीग आपोआपच होतो."

"हो, पण मग खड्डा राहतो ना मागं," ठकी अवघडून म्हणाली. "सगळे म्हणतात, ढिगाशेजारी खड्डा वाईट दिसतो."

सगळे खरोखरच तसे म्हणत. त्यामुळे गिऱ्हाइकांच्या जागेवर खणायची सोय नव्हती, आणि तळातली पांढुरकी माती तर प्रत्येकाला हवी होती. धुरपाने ती आपल्या घरातून काढायला सुरुवात केली. आधी शेवटची खोली रुंद केली, मग तिच्यापुढे दुसरी काढली, मग वळणाची भिंत खरवडली. इतके मोठे आणि गार बीळ त्या उतारावर आजवर कुणी खणले नव्हते. ते पाहायला मात्र कुणी आले नाही, कारण सगळे बाहेरचे ढीग पाहत होते. एकदा भागोजी तेवढा आत डोकावला.

"वरची जमीन पातळ झाल्यासारखी वाटते," तो म्हणाला.

"एवढं ठकीचं झालं की थांबते," धुरपा म्हणाली. तिच्या तोंडात माती असल्यामुळे ते नीट कळले नाही.

ठकीचे झाले. तिच्यानंतरच्यांचेही झाले. उतार असा काही सजला की टिटवी मुद्दाम वरून दोन घिरट्या घालून गेली. मग पळसाची फुले गळली, माती दगड झाली आणि ऊन आले.

सुरुवातीला जो तो आपापल्या ढिगाच्या सावलीला बसला. सावली सरके तसे तेही सरकत. दुपारी ती ढिगाच्या पायाशी येऊन नाहीशी होई, तेव्हा ते डोळे मिटून बसत. ज्या जुन्या गिऱ्हाइकांकडे बिळे होती ते दिसतच नव्हते. अशाच एका दुपारी धुरपाच्या घरावरची जमीन आवाज न करता हळूहळू खाली बसली. धुरपा पिल्लांना एकेक करून मानगुटीला धरून बाहेर घेऊन आली. बाहेर आल्यावर कुठे जायचे हे तिला सुचेना, म्हणून ती सर्वांत जवळच्या ढिगाकडे गेली. तो ठकीचा होता.

ठकी व्यालेली होती. तिची पिल्ले उन्हात पडून धापा टाकत होती, आणि ती एकसारखी ढिगाभोवती फिरत होती.

"धुरपाताई," ती म्हणाली, "याचं दार कोणत्या अंगाला ठेवलंयस?"

धुरपाने आपली पिल्ले ठकीच्या पिल्लांशेजारी ठेवली, ढिगाच्या पायथ्याशी पंजे रोवले आणि आयुष्यात कधी खणले नव्हते अशा वेगाने खणायला लागली. भुसभुशीत माती तिच्या पंजांखालून निघे आणि वरून तितकीच घरंगळून येई. भोक पडे आणि बुजे. तिने बाजू बदलली, पुन्हा खणले, पुन्हा सगळे बुजले. आणि दर वेळी तांबडी, पिवळी, पांढरी माती एकमेकींवर ओघळून ढीग आधीपेक्षा अधिक गोल, अधिक रेखीव होत गेला. आजूबाजूच्या ढिगांपाशी बसलेले जनावर न जनावर उठून जवळ आले. ती सगळी भर उन्हात रांग धरून उभी राहिली, आणि मागच्यांना नीट दिसावे म्हणून पुढची खाली बसली.