चेंडू मागे देणारे भेकर

डोंगराच्या कुशीत, साग आणि ऐनाच्या दाट झाडीत एक भेकर राहत असे. अंगाने सडपातळ, पायांनी चपळ, आणि स्वभावाने इतके भित्रे की वाळके पान गळले तरी त्याचे कान ताठ होत. मुलांनो, घाबरणे हा काही भेकराचा दोष नव्हे. जंगलात जो घाबरत नाही तो फार दिवस जगत नाही. पण या भेकराच्या मनात एक वेगळीच भीती घर करून बसली होती. ती कशी बसली, हे आधी ऐका.

त्या जंगलात उन्हाळ्यात एकच डोह भरलेला राही. फार पूर्वी त्या डोहावरून गवत खाणारे प्राणी आणि ओढ्यापलीकडचे रानकुत्रे यांच्यात अशी लढाई जुंपली, की डोहाचे पाणी तांबडे झाले आणि महिनाभर कुणालाच ते पिववेना. तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवले, की यापुढे पाण्यासाठी रक्त सांडायचे नाही. दर वैशाखाच्या तोंडावर फुटबॉलचा एक सामना खेळायचा. जो जिंकेल त्याचा डोह. जो हरेल त्याने पावसाळा लागेपर्यंत घळीतल्या झऱ्यावर जायचे. आणि त्या घळीत बिबळ्या राहत होता.

गवत खाणाऱ्यांच्या संघाचा कर्णधार होता एक धिप्पाड गवा. तो बचावफळीत उभा राही. गोल राखायला रानडुक्कर होते, सगळ्यांत पुढे वाऱ्यासारखा पळणारा ससा होता, आणि मध्यफळीत एक वानर खेळे. चेंडू वानराच्या पायाशी आला की पुढे काय होणार हे कुणालाच कळत नसे. कधी तो डावीकडे बघून उजवीकडे पास देई, कधी टाचेनेच चेंडू मागच्यामागे सरकवी. प्रेक्षकांतली पाडसे त्याच्यावर खूष असत.

पण दोन वर्षांपूर्वीच्या सामन्यात, अगदी शेवटच्या घटकेला, वानराने टाचेने सरकवलेला चेंडू एका रानकुत्र्याच्या पायात गेला. त्याने तो थेट गोलात मारला, आणि सामना गेला. गवा फुरफुरत मैदानाच्या मधोमध आला. सर्वांच्या देखत तो गरजला, "तुझ्या एका चाळ्यापायी आपली पाडसे आता घळीत जाणार! चालता हो. या संघात तुला जागा नाही."

वानराने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. एकेकाने मान खाली घातली. त्या उन्हाळ्यात घळीत गेलेली तीन पाडसे परत आली नाहीत. तेव्हापासून त्यांच्या आया वानर दिसला की तोंड फिरवू लागल्या.

भेकर त्या दिवशी राखीव खेळाडू म्हणून मैदानाच्या कडेला बसले होते. त्याने हे सारे पाहिले होते. म्हणून पुढच्या वर्षी गव्याने त्याला वानराच्या जागी उभे केले, तेव्हा ते दोन पावले मागे सरकले.

"घाबरू नकोस," गवा म्हणाला. "काही करून दाखवायचे नाही. फक्त चेंडू गमवायचा नाही."

भेकराने तेवढेच केले. चेंडू आला की ते तो मागे गव्याकडे देई, नाहीतर बाजूला. पुढे कधीच देत नसे. पुढे रानकुत्रे होते, आणि पुढे चूक होती. त्या वर्षी संघाला एकही गोल करता आला नाही आणि सामना पुन्हा हातचा गेला. घळीने आणखी दोन पाडसे खाल्ली, आणि सशाचा धाकटा भाऊही. तरी गव्याने भेकराची पाठ थोपटली. "हरलो खरे, पण तू एकदाही चेंडू गमावला नाहीस हो!"

यंदाच्या सामन्याला ऊन असे तापले होते, की मैदानातली माती खुरांना पोळत होती. एका बाजूला आया आपली पाडसे पोटाशी घेऊन उभ्या होत्या. पाडसांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. दुसऱ्या बाजूला रानकुत्र्यांची टोळी हारीने बसली होती. मैदानावर कुणी कुणाला दात लावायचा नाही असा नियम होता, पण नियम ठाऊक असला म्हणून दात दिसायचे थोडेच राहतात! पंच म्हणून झाडावर धनेश पक्षी बसला होता. त्याने कर्कश आवाज दिला आणि सामना सुरू झाला.

रानकुत्रे भुंकत नाहीत, शीळ घालतात. एकाने इकडून शीळ घालायची, दुसऱ्याने तिकडून, आणि मधल्याला कळू नये की आपण घेरले गेलो आहोत. त्या शिळा कानावर पडताच भेकराच्या अंगावर काटा आला. चेंडू आला, त्याने तो मागे दिला. पुन्हा आला, पुन्हा मागे दिला. पुढे ससा एकदा डावीकडे धावला, एकदा उजवीकडे धावला, आणि मग नुसताच उभा राहिला.

रानकुत्र्यांचा म्होरक्या थोडा वेळ हे पाहत राहिला. मग तो आपल्या सोबत्यांना म्हणाला, आणि भेकराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "त्या भेकराच्या मागे धावून कशाला दमता? ते काहीच करणार नाही. चेंडू गव्याकडेच जायचा आहे. आपण तिथेच जाऊन थांबू."

भेकराने ते ऐकले, आणि त्याला कळलेही. पण पुढचा चेंडू आला तेव्हा त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. सवयीने त्याने चेंडू मागे दिला. म्होरक्या वाटेत उभाच होता. त्याने चेंडू अलगद अडवला, गव्याला हुलकावणी दिली आणि रानडुकराच्या पायांमधून गोल केला.

मैदानाच्या कडेला एक पाडस रडू लागले. त्याच्या आईने त्याला गप्प केले नाही.

मध्यंतरात सगळे सावलीला जमले. गवा धापा टाकत म्हणाला, "आपली मध्यफळी घट्ट आहे. चुकले ते माझेच, मी जरा पुढे यायला हवे होते. भेकरा, तू जे करत आहेस तेच करत राहा."

"तेच?" ससा उसळून म्हणाला. "गवादादा, मी सकाळपासून धावतोय. एक चेंडू आला नाही माझ्याकडे. एक!"

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? मागच्या वर्षी घळीत माझा भाऊ राहिला!"

भेकर खाली मान घालून ऐकत होते. त्याला वाटले, पळून जावे. समोर रान मोकळेच होते. पण पळायचे तर पाडसांच्या समोरून जावे लागणार होते.

"गवादादा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की त्याला पुन्हा म्हणावे लागले. "गवादादा, माझ्या हातून चूक होत नाही, कारण मी काही करतच नाही. ससा कुठे मोकळा आहे हे मला दिसते. दर वेळी दिसते. पण चेंडू पुढे द्यायला पाय उचलला की मला तुमचा आवाज ऐकू येतो. 'चालता हो.' मला रानकुत्र्यांची भीती वाटते, बिबळ्याची वाटते. पण त्या सगळ्यांपेक्षा मला तुमची भीती वाटते."

गव्याच्या नाकपुड्या फुलल्या. आता हा शिंगावर घेतो, असे वाटून भेकराने डोळे मिटले.

पण गवा हलला नाही. त्याची नजर मैदानाच्या कडेला गेली होती. तिथे झाडाच्या शेंड्यावर, सगळ्यांपासून दूर, वानर बसला होता. दोन वर्षे तो तसाच बसून सामना पाहत होता. गवा भेकराकडे वळला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दे पुढे. चेंडू गेला तर मी आहे मागे. मी तुला काही बोलणार नाही."

दुसरा डाव सुरू झाला. भेकराची भीती गेली होती का? छे! ती होती तशीच होती. चेंडू आला. भेकराने मान वर केली, डावीकडची मोकळी जागा हेरली आणि चेंडू पुढे दिला. तो कमी पडला. रानकुत्र्याने तो पळवला आणि सुसाट निघाला. आयांच्या तोंडून एकच किंकाळी फुटली. गवा आडवा पडला, चेंडू त्याच्या खांद्याला लागला आणि थोडक्यात मैदानाबाहेर गेला.

सगळे खेळाडू गव्याकडे पाहू लागले. गवा उठला. त्याने अंगावरची माती झटकली.

"पुन्हा दे," तो म्हणाला.

दुसरा चेंडूही गेला. गव्याने तो पुन्हा अडवला. तिसऱ्या वेळी दोन रानकुत्रे शीळ घालत दोन्ही बाजूंनी भेकरावर चालून आले. इतक्या जवळ, की त्यांच्या श्वासाची ऊब त्याच्या मानेला लागली. भेकराचे सगळे अंग ओरडत होते, 'मागे दे, मागे दे!' त्याने मागे देण्यासाठीच पाय फिरवला. रानकुत्रे तिकडे झुकले. त्या क्षणी भेकराला दोघांच्या मधली फट दिसली आणि फटीपलीकडे धावणारा ससा दिसला. त्याने फिरवलेला पाय आवरला आणि दुसऱ्या पायाने चेंडू त्या फटीतून सोडला.

ससा पोहोचला. या दोन सामन्यांचे सगळे धावणे त्याने त्या एका धावेत धावून घेतले. गोल झाला!

मग रानकुत्रे चवताळून उठले. आता भेकर काय करील हे त्यांना ओळखता येईना. कुणी त्याच्या अंगावर धावे, कुणी गव्यापुढे थांबे. शेवटपर्यंत दोन्हीकडून पुन्हा गोल झाला नाही. धनेशाने पंख पसरून सामना संपल्याचे सांगितले आणि म्हटले, "बरोबरी झाली. जाणत्यांनी बरोबरीचाही नियम करून ठेवला आहे. सकाळ गवत खाणाऱ्यांची, संध्याकाळ रानकुत्र्यांची. जो वेळ मोडेल त्याचा डोह जाईल."

म्होरक्या ओढ्यापलीकडे निघून गेला. जाताना त्याने भेकराकडे वळून पाहिले, आणि भेकराच्या अंगावर पुन्हा काटा आला. त्यानंतर गवा वानराच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. वर पाहून तो एवढेच म्हणाला, "मी चुकलो होतो रे." वानर लगेच खाली आला नाही. दोन वर्षांचे दुःख एका वाक्याने उतरत नाही. पण त्याने तोंडही फिरवले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाडसे डोहावर आली. काठच्या ओल्या चिखलात आदल्या संध्याकाळचे रानकुत्र्यांचे पंजे उमटलेले होते. ते पाहून भेकर जागीच थबकले. त्याने चारही दिशांना पाहिले, कान टवकारले, आणि मग पाण्याला तोंड लावले. त्याच्या शेजारी एक पाडस पोट टम्म होईपर्यंत पाणी पीत होते.

तात्पर्य : जिथे चुकीला क्षमा नसते, तिथे नवी वाट दिसत असूनही कुणी तिच्यावर पाऊल टाकत नाही.